बोलणारा गाल

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिलाच दिवस आणि मी आरसा काढला.

अंध मुलांच्या शाळेत! नऊ वर्षांच्या, जन्मापासून न दिसणाऱ्या मुलीसमोर मी आरसा स्वच्छ पुसून ठेवला आणि म्हटलं, "बघ हं, माझी जीभ कुठे जाते ते." स्पीच थेरपीच्या कॉलेजात चार वर्षं हेच केलंय. मूल, आरसा, आपण. हात आपोआप बॅगेत गेला.

तिने बोटांनी चाचपून बघितलं. "थंड आहे. काय आहे हे?"

"आरसा."

"यात काय असतं?"

"आपलं... तोंड."

"माझं तोंड तर इथे आहे," ती गालावर हात ठेवून म्हणाली. "अजून एक आहे?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. वर्गशिक्षिका हिराई-सेन्सेई मागे उभ्या होत्या. त्या हसून हसून खुर्चीत बसल्या. "घाबरू नका, केतकी-सेन्सेई. आधीच्या बाईंनी पहिल्या दिवशी चित्रं काढली होती."

ही डायरी मराठीत लिहायचं ठरवलंय. स्टाफरूममध्ये उघडी राहिली तरी इथे जपानात कोणाला वाचता येणार नाही. कोबेच्या इंग्लिश शाळेत शिकलेय, त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घचा नाद आईनेसुद्धा केव्हाच सोडलाय.

तर, मुलगी. शिनो माकाबे, तिसरी. सोमवार ते शुक्रवार शाळेच्या होस्टेलमध्ये, शनिवार-रविवार आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, फाइलमध्ये एवढी एकच ओळ. बाबा खेकड्यांच्या बोटीवर काम करतात, तासाभरावरच्या बंदरात राहतात. मुलगी हुशार, बडबडी. बोलण्यात खोट एकच: 'शि' आणि 'चि' म्हणताना हवा जिभेवरून सरळ पुढे यायच्या ऐवजी गालाच्या बाजूने गळते. ओला, पसरट आवाज येतो. घसा, जीभ, दात, टाळू सगळं ठीक आहे. सवय चुकीची बसलीय, बस. आणि ही सवय आपली आपण कधीच सुटत नाही, शिकवावंच लागतं. म्हणजे माझ्यासाठी परफेक्ट केस!

फाइलला बाबांचं पत्र लावलंय. "हे बोलणं वसंतापर्यंत सुटलं तर एप्रिलपासून मुलीला माझ्या घरी नेईन. शाळेची गाडी बंदरापर्यंत येते, मी चौकशी केली आहे." बंदरावरची मुलं चिडवतील अशी काळजी असणार. बिचारे.

शिनोला हे माहीत आहे. जाताना दारात थांबून म्हणाली, "सेन्सेई, वसंत म्हणजे मार्च की एप्रिल?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

आरसा घरी ठेवला. आज स्ट्रॉ नेली.

स्ट्रॉचं एक टोक ओठांच्या मधोमध धरलं. माझ्या 'शि'ने स्ट्रॉतून बारीक शिट्टी आली. तिच्या 'शि'ने काहीच नाही. मग स्ट्रॉ तिच्या उजव्या कोपऱ्याला नेली तर केवढी फुंकर! स्वतःच दचकली. "ही मी?"

मग तिला माझ्या चेहऱ्याला हात लावू दिला. एक तळवा ओठांसमोर, दुसरा गालावर. कोणी मूल असं चेहरा धरतं तेव्हा आधी अंग आखडतं, खोटं कशाला बोलू. तिचे हात गार होते आणि खूप हळू होते. मी 'शि' म्हटलं. दहा वेळा. मग तिने तोच हात स्वतःच्या गालावर ठेवून 'शि' म्हटलं. पुन्हा माझा गाल. पुन्हा तिचा.

"तुमचा गाल गप्प आहे," ती म्हणाली. "माझा बोलतो."

मी जवळजवळ उडीच मारली. पुस्तकात दीड पान लागतं हे समजवायला!

"बरोबर! आता आपण तुझ्या गालाला गप्प बसायला शिकवायचं."

ती बराच वेळ हात गालावर ठेवून बसली. मग विचारलं, "सगळ्यांचा गाल गप्प असतो? तुमच्या आईचा पण?"

"सगळ्यांचा. माझ्या आईचा गाल सोडून बाकी काहीच गप्प नसतं."

मला वाटलं हसेल. हसली नाही. थकली असेल. चाळीस मिनिटं जरा जास्तच होतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आजी भेटल्या. दर शुक्रवारी दुपारी छोट्या पांढऱ्या गाडीतून न्यायला येतात. कमरेत वाकल्यात, पण गाडी अशी वळवतात की गेटवरचे काका बाजूला उडी मारतात.

मी उत्साहात सगळं सांगितलं. स्ट्रॉ, गाल, घरी करायचा अभ्यास. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे चालतं हो ते. आम्हाला सगळं समजतं तिचं."

"समजतं हो, पण पुढे मोठी झाल्यावर, नोकरीच्या मुलाखतीला..."

"हो का."

"आणि बाबांचीही तीच इच्छा आहे ना?"

"जावयांची इच्छा आहे, हो." बराच वेळ गाडीची किल्ली चाचपत होत्या. "पोरीने बापाजवळ राहावं. मी आज आहे, उद्या नाही. तुम्ही करा, सेन्सेई. नीट करा."

आम्हाला शिकवलं होतं की म्हातारी माणसं सुरुवातीला थेरपीला विरोध करतात. अगदी तसंच झालं. पण शेवटी तयार झाल्या. फॉर्मवरची एक रिकामी चौकट त्यांना दाखवली: घरात असं बोलणारं कोणी आहे का. म्हणाल्या, हे जावयांना विचारा. मी तो पोस्टाने त्यांना पाठवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आलाऽऽ! स्वच्छ 'शि' आला!!

स्ट्रॉतून शिट्टी आली, बारीक, सरळ. मग तिने परत केला. परत आला. पंधरापैकी अकरा. मी टेबलावर हात आपटला तर शेजारच्या खोलीतून कोणीतरी "भूकंप?" म्हणून ओरडलं.

"कसं वाटलं?"

"कोरडं," शिनो म्हणाली. "बिस्किटासारखं."

बाबांचा फॉर्मही आला. 'घरात असं बोलणारं कोणी आहे का': नाही. म्हणजे वारसा वगैरे काही नाही, नुसती सवय. उत्तम.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आता शब्द. शिओ, इशि, उशि. मीठ, दगड, गाय. रोज तीस वेळा. शब्दात आलं की गळतं, सुटं आलं की छान. आज रडली, पण थांबू म्हटलं तर म्हणाली, "नको. अजून एकदा. मार्चला किती आठवडे राहिलेत?" असा पेशंट असला तर थेरपिस्टने काय करावं! मार्चच्या आमच्या जिल्हा बैठकीत ही केस मांडायची असं मी मनात ठरवून टाकलंय. अंध मुलांसाठी आरशाशिवाय, स्पर्शाने. कोणी केलंय इथे?

२ डिसेंबर, मंगळवार

वर्गात, माझ्यासमोर, हिराई-सेन्सेईंसमोर शंभर टक्के स्वच्छ. पण होस्टेलच्या मावशी म्हणाल्या, खोलीत एकटी असली की जुनंच बोलते. स्वतःशी, हळू आवाजात, आणि गालावर हात ठेवून.

म्हणजे सवय अजून मुरलेली आहे. मी मावशींना सांगितलं की तेव्हाही टोका. प्रेमाने, पण टोका. एका ठिकाणी सूट दिली की सगळं परत येतं.

मावशी म्हणाल्या, "एकटीने बोलताना पण?"

"एकटीने बोलताना तर नक्कीच."

मसाजचा कोर्स शिकवणारे उगाकी-सेन्सेई बर्फावर घसरून पाय मोडून बसलेत, असं कळलं. स्वतः अंध, चाळीस वर्षं या शाळेत. अजून माझी भेट झालेली नाही. सगळे म्हणतात जिभेला हाड नाही त्यांच्या. भेटायचंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

थंडीची सुट्टी लागली. आजी न्यायला आल्या. मी शिनोला म्हटलं, दाखव आजीला.

शिनो सरळ उभी राहिली, काठी दोन्ही हातांत धरून. "आजी, मी शिनो. आज शाळेची सुट्टी लागली." एकही थेंब गळला नाही!

आजी तिथेच चपलांच्या फळीवर बसल्या. दोन्ही हात तोंडावर. डोळ्यांतून पाणी. मलाही भरून आलं. आनंदाने रडणारी आजी मी पहिल्यांदाच बघितली. फोटो काढायचा विचार आला, मग बरं दिसणार नाही म्हणून सोडला.

"फार मेहनत घेतलीत," त्या म्हणाल्या आणि एवढ्या वाकल्या की डोकं गुडघ्याला लागलं.

आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "रडल्या? का गं?" म्हटलं, अगं आनंदाने. आई म्हणाली, "हं."

१४ जानेवारी, बुधवार

सुट्टीनंतर 'शि' आहे तसाच. पक्का! पण शिनो जरा शांत झालीय. घरून येणाऱ्या वहीत आजींनी लिहिलंय: "सुट्टीत फारशी बोलली नाही. सकाळी आईचा फोटो ठेवलेल्या देव्हाऱ्यापुढे घंटा वाजवते, पण आधीसारखं आईला दिवसभराचं काही सांगत नाही. नुसती बसते. जेवण व्यवस्थित."

नवीन आवाज बसताना मुलं जपून बोलतात, हे माहीत आहे. मी उत्तर लिहिलं: "काळजी नसावी. ही चांगली खूण आहे."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

उगाकी-सेन्सेई आज परत आले. मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये एका हातात काठी, दुसऱ्यात कुबडी, आणि आवाज सगळ्या मजल्यावर. "अरे, भिंत सरकवली का कोणी? दोन महिने नाही तर लगेच?" पोरं भोवती गोळा. जो बोलेल त्याचं नाव लगेच ओळखायचे. "तू हायातो. सर्दी झालीय. तू रेई. दात पडला की काय?" पोरं खिदळत होती.

शिनो पुढे झाली. "सेन्सेई, बरे झालात? मी शिनो."

ते थांबले. मान जरा तिरकी केली.

"कोण?"

"शिनो."

"नवीन आलीस का? कुठून?"

मुलांना गंमत वाटली. "सेन्सेई विसरले, विसरले!" शिनो हसली नाही. तिने परत एकदा म्हटलं, अजून स्वच्छ, अजून हळू, मी शिकवलंय तसं. "शि-नो. माकाबे शिनो."

म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला, जणू पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं. त्यांनी हात पुढे केला, तिच्या डोक्यावर ठेवला, कान, खांदा. "शिनोच आहे," स्वतःशीच म्हणाले. "शिनोच आहे की गं." आणि शिनो वळून वर्गात निघून गेली. काठी न टेकवता.

मग ते माझ्या खोलीत आले. नाव विचारलं, खुर्ची शोधली, बसले.

"पोरी, तू केलंस ते?"

मी अजूनही अभिमानाने "हो" म्हटलं. देवा.

"छान केलंस. कोणी म्हणेल टोकियोची मुलगी आहे." जरा थांबले. "तिची आई दर दोन आठवड्यांनी इथे माझ्याकडे मसाजला यायची. खेकडे उकळायच्या शेडमध्ये कामाला होती, खांदे दगडासारखे. सहा वर्षं. फोन करायची तर नाव सांगायच्या आधी मला कळायचं कोण आहे. 'शि' म्हटलं की गालातून फुस्स. लाजायची नाही कधी. आणि पोरगी बोलायला लागली ती अगदी तशीच. मी म्हणायचो, दोघी एका साच्यातल्या. तुला कोणी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं.

"फॉर्मवर," ते म्हणाले.

ते बोलत राहिले, रागावून नाही, तेच जास्त वाईट होतं. "तुझ्या घरी फोटो असतील ना, आजोबा-पणजोबांचे? त्या पोरीच्या आईचा फोटो देव्हाऱ्यात आहे म्हणे. चौकोनी काच. गार लागते."

बघणारं मूल तोंड बघून शिकतं. न बघणारं नुसतं ऐकून शिकतं, म्हणून जे ऐकेल ते जसंच्या तसं. हे मला परीक्षेत आलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते.

ती मुलगी खोलीत एकटी, गालावर हात ठेवून आईच्या आवाजात बोलायची. आणि मी मावशींना सांगितलं, टोका.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजींना गेटवर गाठलं. विचारलं, का नाही सांगितलंत?

त्या गाडीत बसलेल्या, हात स्टिअरिंगवर. "सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता."

"अर्थातच!"

"मग तिला बाप मिळाला नसता." माझ्याकडे बघितलंच नाही. "माझी मुलगी गेली, सेन्सेई. तिचा 'शि' माझ्या कानात आहे, मी मरेपर्यंत. पोरीला बाप पाहिजे. दोन्ही मिळणार नसतील तर काय ठेवायचं ते मी ठरवलं."

तेवढ्यात शिनो आली आणि त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या, "चला, आज मासे आणलेत!"

म्हणजे डिसेंबरमध्ये त्या आनंदाने... मी फोटो काढणार होते!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सेशन घेतलं नाही. दोघी नुसत्या बसलो. माझ्याकडे ऑक्टोबरची रेकॉर्डिंग्ज आहेत. वाटलं, निदान हे तरी आहे. लावलं. 'शिओ, इशि, उशि', जुनं, गळकं.

शिनोने ऐकलं. "ही मी आहे," म्हणाली. "लहान असतानाची." आणि बंद करायचं बटण शोधून बंद केलं.

मला राहवलं नाही. "शिनो, तुला माहीत होतं का, तुझी आई..."

"हो."

"कधीपासून?"

"तुमच्या गालाला हात लावला तेव्हापासून. आईचा गाल बोलायचा. झोपवताना माझा हात तिथेच असायचा. मला वाटायचं सगळ्यांचा बोलतो."

ऑक्टोबर! दुसऱ्याच सेशनला! म्हणजे मी आईच्या गालाचा जोक मारला तेव्हा!

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही." मग म्हणाली, "आणि बाबांना नको होतं."

"तुला काय हवं होतं?"

तिला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "बाबांकडे जायचं होतं," म्हणाली. नुसतं 'होतं' की 'आहे', ते मला विचारायचा धीर झाला नाही.

जिल्हा बैठकीला कळवलं, केस मांडणार नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी बाबांना फोन लावला. चार दिवस लागत नव्हता, बोट समुद्रात होती. आज लागला. मागे वारा, इंजिन, कोणीतरी शिव्या देतंय.

"माकाबे. झालं का ते?"

नमस्कार नाही, काही नाही. मी म्हटलं, "झालं. पण तुम्ही फॉर्मवर 'नाही' लिहिलंत."

"मी फॉर्म भरला त्या दिवशी घरात मी एकटा होतो. खोटं नाही लिहिलं."

मला इतका राग आला की मराठीत काहीतरी बोलले. मग सावरून म्हटलं, "माकाबे-सान, तो तिच्या आईचा आवाज होता."

"मला सांगता?"

इंजिनचा आवाज लांब गेला, ते कुठेतरी आडोशाला आले असावेत.

"ती मागून येऊन म्हणते, बाबा, मी शिनो," ते म्हणाले. "मी वळतो. दर वेळी वळतो. माहीत असतं, तरी वळतो. आणि खाली बघावं लागतं. तेव्हा माझ्या तोंडावर जे येतं ते तिला दिसत नाही, पण कळतं. तिला सगळं कळतं. असं घर कसं चालवायचं, तुम्ही सांगा."

मी पंचवीस वर्षांची आहे.

"चोवीस मार्चला येतो," म्हणाले आणि ठेवला.

२४ मार्च, मंगळवार

वर्षाचा शेवटचा दिवस. मुलं निकाल घेऊन गेली. शिनो दारातल्या फळीपाशी उभी, पाठीवर दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. आजी जरा लांब. मी कुठे उभं राहायचं ते कळेना, म्हणून फुलदाणीशेजारी.

माकाबे-सान आले. बारीक, काळवंडलेले, पायात गमबूट, सरळ धक्क्यावरून आलेले. दोन वर्षांत पहिल्यांदा शाळेत आले, असं हिराई-सेन्सेई म्हणाल्या.

"बाबांचे बूट," शिनो म्हणाली. आणि सरळ उभी राहून, परीक्षा द्यावी तशी: "बाबा, मी शिनो. आता सगळं नीट येतं. ऐका. शिओ. इशि. उशि."

स्वच्छ. बिस्किटासारखं कोरडं.

मी माकाबे-सानकडे बघत होते. वाटलं, त्यांना सुटल्यासारखं वाटेल. हेच तर हवं होतं. पण त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग "छान" म्हणाले. परत "छान". आणि मुलांच्या चपला ठेवायच्या फळीवर बसले, एवढा माणूस, गुडघे छातीशी.

"शिनो," म्हणाले. "एकदा आधीसारखं म्हण."

मला धक्का बसला. आजींनी डोळे मिटले.

"आधीसारखं म्हणजे कसं?" शिनोने विचारलं.

ती थांबली. खूप थांबली. एवढी वाट बघणारं मूल मी बघितलेलं नाही.

"आईसारखं," ते म्हणाले.

"नाही," शिनो म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून घालवलं. आता तुम्ही सांगितलंत म्हणून परत नाही आणणार."

"येतं तुला अजून?"

"दोन्ही येतात. आधी मला एकच यायचं."

दोन्ही! मला वाटत होतं मी पुसून टाकलंय. आणि ही पोरगी सगळ्यांपासून, मावशींपासून, माझ्यापासून, ते बाजूला काढून ठेवून बसली होती!

"सेन्सेईंनी शिकवलं हवा कुठून सोडायची," ती म्हणाली, जसं काही मी काही मोठंच केलंय. "आधी मला माहीतच नव्हतं की आईचं कुठलं आणि माझं कुठलं." मग पिशवी बाबांच्या आवाजाच्या दिशेने पुढे केली. "आजीकडे चला आधी. मी जातेय ते आईला सांगायचंय."

"मी गाडीत थांबतो," माकाबे-सान म्हणाले.

"थांबा."

तिघं गेली. आजींची गाडी पुढे, बाबांची मागे. मी हात हलवला. कोणाला दिसणार होतं, काय माहीत.

२५ मार्च, बुधवार

सकाळी आजींचा फोन. मी घाबरूनच उचलला.

"सेन्सेई, तुम्हाला सांगायलाच पाहिजे. दुसरं कोणाला सांगू?"

"शिनो बरी आहे ना?"

"ऐका तर. जावई आला, पण आत नाही. मुलीचे दिवस झाले त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नाही त्याने. दाराच्या आतल्या पायरीपाशी उभा. म्हटलं चहा घ्या, नको. म्हटलं निदान बूट काढून बसा, नको, लगेच निघायचंय. शिनो एकटी आत गेली. देव्हाऱ्यापुढे बसली, घंटा वाजवली. आणि सेन्सेई..."

थांबल्या. मी म्हटलं, काय?

"तसंच हो. अगदी तसंच. 'आई, मी शिनो.' गालातून. माझ्या हातातून कपच पडला. तीन महिन्यांचं सगळं सांगत बसली. बर्फ, निकाल, उगाकी-सेन्सेईंनी कसं ओळखलं नाही, सगळं, थांबेचना. आणि तेवढ्यात मागून धाड धाड धाड. बघते तर तो आत! बूट घालून! तातामीच्या चटयांवर, गमबूट घालून, धक्क्यावरचा चिखल, मासळीचं पाणी, सरळ देव्हाऱ्यापर्यंत!"

"अरे देवा. मग तुम्ही?"

"काय बोलणार? साठ वर्षांत या घरात कोणी बूट घालून आलं नाही. पूर आला होता तेव्हा माणसं न्यायला आलेले शिपाईसुद्धा काढून आले होते. तो येऊन तिच्या मागे गुडघ्यावर बसला. तिने हात मागे नेला, बूट लागला हाताला. म्हणाली, 'बाबा, बूट.' तर त्याला तेही कळेना. नुसता बसून. तिने परत आईकडे तोंड केलं आणि उरलेलं सांगून पूर्ण केलं. तो ऐकत होता. सगळं ऐकलं त्याने."

"आणि मग? गेली का ती?"

"गेली की. देव्हाऱ्यातली आईच्या नावाची पाटी पण नेली दोघांनी. त्यानेच काढली, त्यानेच फडक्यात गुंडाळली. तिच्या मांडीवर दिली गाडीत." आजींनी नाक पुसलं. "आता देव्हारा रिकामा आहे. आणि तातामीवर दारापासून इथपर्यंत पावलं. एवढाली. वाळून गेलीत. मी सकाळपासून ओलं फडकं घेऊन बसलेय, सेन्सेई, आणि हात लावत नाहीये."